फरशी, जाजम आणि कोबा : मराठवाड्याच्या जमिनीवर काय अंथरले गेले

नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत पायाखाली जी करडी शहाबादी फरशी दिसते, तिचे नाव मुळात कापडाचे आहे. अरबी भाषेत 'फर्श' म्हणजे पसरलेली, अंथरलेली वस्तू. फारसीमार्गे हा शब्द दख्खनेत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता बिछायत, म्हणजे गालिचा, जाजम, सतरंजी. पुढे कधीतरी अंथरलेल्या कापडाचे नाव खालच्या दगडाला चिकटले आणि कापड विस्मरणात गेले. आज 'फरशीवर गालिचा अंथरला' असे आपण सहज म्हणतो. शब्दांच्या मुळाशी गेले, तर त्याचा अर्थ 'गालिच्यावर गालिचा अंथरला' असा होतो.

ज्याच्याकडे बिछायत घालण्याचे काम, तो 'फर्राश'. मराठीत त्याचा 'फरास' झाला. तंबू, कनाती, गालिचे, जाजमे यांचे भांडार म्हणजे फरासखाना. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना आणि जामदारखान्याच्या बरोबरीने फरासखान्याचेही नाव आहे. पुण्यातील फरासखाना पोलीस चौकी आज सर्वांना ठाऊक आहे, पण त्या नावात गुंडाळलेले गालिचे आहेत हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

राज्याच्या प्रमुख खात्यांत बिछायतीचे स्वतंत्र खाते असावे, याचे आज नवल वाटते. पण त्या काळातील सत्ता फिरती होती. दरबार कोठेही भरे. माळरानावर, नदीकाठी, किल्ल्याच्या सदरेवर. उघड्या जमिनीचा दरबार होत असे तो तिच्यावर काय अंथरले जाते त्यामुळे. फरासाने जाजम पसरले की सत्ता बसली, गुंडाळले की सत्ता उठली. मराठी राजकारणाच्या बोलीत हा फरास अजून जिवंत आहे. 'आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का?' असा प्रश्न उमेदवारी नाकारला गेलेला कार्यकर्ता विचारतो, तेव्हा तो नकळत फरासखान्याची भाषा बोलत असतो.

बिछायतीच्या बाकीच्या शब्दांचा प्रवासही असाच लांबचा आहे. 'गालिचा' फारसीतला. 'सतरंजी' ही मूळची 'शतरंजी', म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी-चौकटींची. आणि 'शतरंज' हा शब्द तर संस्कृत 'चतुरंगा'चे इराणात जाऊन आलेले रूप. याउलट घोंगडी येथल्याच मातीतली. धनगरांनी दख्खनी मेंढीची लोकर कातायची, तिचे पट्टे विणायचे, चिंचोक्याची खळ देऊन ते ताठ करायचे. थंडीत पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला, बसताना खाली अंथरायला तीच एक.

हे सारे ज्या जमिनीवर पडत असे, ती जमीन कशी होती हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

मराठवाड्यातील बहुतेक भाग बेसॉल्टच्या खडकावर पसरलेल्या काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट घर उभे राहत नाही. म्हणून जोते उंच घ्यायचे, आत मुरूम भरायचा, पाणी शिंपून धुमसाने चोपायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि शेणाने सारवायचे. ही जमीन एकदा करून संपत नसे. चुलीजवळ ती उखणे, उंबऱ्याशी झिजे, पावसाळ्यात मऊ पडे. दर काही दिवसांनी आणि प्रत्येक सणापूर्वी घरातील स्त्रियांना ती नव्याने करावी लागे. सारवणाला कवितेत जेवढे स्थान मिळाले, तेवढे त्यामागच्या कंबरदुखीला मिळाले नाही.

अशा जमिनीवर कायमचे काहीच अंथरता येत नाही. जी जमीन आठवड्याला नवी होते, तिच्यावरचे वस्त्र उचलावेच लागते. शिवाय मातीची जमीन खालची ओल सतत वर सोडत असते. उघडी असेल तर ती ओल हवेत उडून जाते आणि जाताना जमीन थंड ठेवते. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी पाणी शिंपडलेल्या सारवणावर आडवे होण्याचे सुख या प्रदेशाने पिढ्यानपिढ्या अनुभवले आहे. त्या गारव्यावर जाड गालिचा ठोकून बसवणे म्हणजे विहिरीवर झाकण घालण्यासारखे.

त्यामुळे येथील बिछायतीची सगळी क्रियापदे येण्या-जाण्याची आहेत: अंथरणे, पसरणे, गुंडाळणे, झटकणे, उन्हात टाकणे. पाहुणा आला की सतरंजी येते, गेला की ती खुंटीवर किंवा उतरंडीमागे जाते. वस्त्र जमिनीचे नव्हते, प्रसंगाचे होते.

आणि प्रसंग म्हटला की प्रश्न येतो, कोणासाठी काय अंथरायचे?

देशमुखांच्या गढीत किंवा पाटलाच्या वाड्यात सदरेवर गादी, तिला लोड-तक्के. त्या खाली जाजम. त्याच्याही खाली, कडेला, सतरंजी किंवा घोंगडे. मग मोकळी जमीन. मग पायरी. मग अंगण. आलेला माणूस कोण आहे हे त्याला कोणी विचारायच्या आधीच, तो कोठे टेकला यावरून सर्वांना कळत असे. वतनदार, कुलकर्णी, बलुतेदार, कुळे यांची उतरंड ताम्रपटांत आणि महजरांत शोधावी लागते; सदरेवर ती डोळ्यांना दिसे. आणि ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी या मांडणीत वस्त्राचा एक धागाही नव्हता. त्यांनी जोहार घालायचा तो उघड्या जमिनीवरून.

या व्यवस्थेचा सर्वांत बोचरा पुरावा मात्र कोणत्याही गढीत नाही. तो साताऱ्याच्या शाळेतला गोणपाटाचा तुकडा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात आपल्या बालपणाविषयी लिहिले आहे. वर्गात त्यांना इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या तुकड्याला हात लावत नसे. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी पुन्हा आणायचा.

भारतीय बिछायतीच्या इतिहासात वरंगळचे गालिचे येतात. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले होते. येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेले गालिचेही येतात. ते ज्यांनी गाठी मारमारून विणले, त्यांना त्यावर बसण्याची परवानगी अर्थातच नव्हती. पण एका शाळकरी मुलाच्या काखेतील गोणपाट त्या सगळ्या रेशमी-लोकरी इतिहासाइतकेच या इतिहासाचे आहे. संग्रहालयात ते असणार नाही, एवढाच फरक.

याच भूमीवर, गोदावरीच्या काठी, बिछायतीचा अगदी उलटा नियम सांगणारी एक जागा आहे.

१७०८ साली गुरू गोविंदसिंग मोगल बादशहा बहादूरशहाच्या दख्खन मोहिमेच्या काळात नांदेडला आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. ज्या गादीभोवती इतर परंपरांत वारसाहक्काचे तंटे पेटत, त्या गादीवर येथे ग्रंथ विराजमान झाला. गादी एकच आणि ती ग्रंथाची. त्यामुळे बाकी सर्वांनी, राजाने आणि हमालाने, समोरच्या एकाच बिछायतीवर बसायचे. सध्याचा तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. पाच तख्तांपैकी हे एक, आणि पंजाबपासून इतक्या दूर, दख्खनेत.

लंगरातील नियमही हाच. एका लांब पट्टीवर रांगेने बसायचे. त्या रांगेला 'पंगत' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. पण मराठी गावातील पंगती जातीनिहाय वेगळ्या उठत, आणि लंगराची पंगत नेमकी तीच गोष्ट मोडण्यासाठी सुरू झाली होती. अकबर बादशहाने गुरू अमरदासांच्या लंगरात सर्वांसोबत जमिनीवर बसून भोजन केले, असे शीख परंपरा सांगते.

हा नियम किती गंभीरपणे घेतला जातो, याचे उदाहरण थेट कॅनडात आहे. ब्रिटिश कोलंबियातील काही गुरुद्वारांत लंगरासाठी टेबल-खुर्च्या वापरण्याची पद्धत पडली होती. तिच्यावरून १९९० च्या दशकात वाद पेटला, तो हाणामारीपर्यंत गेला. १९९८ मध्ये अकाल तख्ताने हुकूमनामा काढला की लंगर जमिनीवर बसूनच घ्यायचा. बाहेरून पाहणाऱ्याला ती खुर्ची विरुद्ध चटई अशी हास्यास्पद भांडणे वाटली. ज्याला सदर, जाजम आणि गोणपाट यांचा इतिहास ठाऊक आहे, त्याला तसे वाटू नये.

हजूर साहिबला आज संगमरवर आहे. पाय धुऊन आत जायचे, म्हणजे ओले तळवे थंड दगडावर पडतात. तेथे बिछायतीचे काम समानतेच्या जोडीला घसरण्यापासून वाचवण्याचेही असते. लाखोंच्या पायांखाली ती झिजते, भिजते, बदलली जाते. पण दगडाला ती कायमची जोडलेली नसते. उचलता येते, धुता येते, वाळवता येते.

आता दगडाकडे वळले पाहिजे, कारण मराठवाड्याच्या जमिनीत क्रांती केली ती दगडाने आणि त्याच्या भुकटीने.

शहाबाद हे गाव आजच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत ते आणि मराठवाडा एकाच राज्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. भीमेच्या खोऱ्यातील हा चुनखडक थराथराने सुटतो. पहारीने उचकटला तरी सपाट लादी हाती येते. दख्खनेतील बेसॉल्ट असा सुटत नाही. तो घडवावा लागतो, म्हणून महाग पडतो. शहाबादी लादी स्वस्त, टिकाऊ आणि पायाला गार. सोपा, देवघर, स्वयंपाकघर अशा क्रमाने ती ऐपतीप्रमाणे घरात शिरली आणि तिने 'फरशी' हे नाव आपल्याकडे खेचून घेतले.

गंमत अशी की त्याच चुनखडकापासून सिमेंटही होते. शहाबादलाच सिमेंटचा कारखाना उभा राहिला. १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, तेव्हा शहाबाद सिमेंट कंपनी त्यांतली एक होती. म्हणजे मराठवाड्यातील शेणमातीच्या जमिनीला ज्या दोन वस्तूंनी हटवले, त्या दोन्ही एकाच खडकाच्या पोटातून निघाल्या. एक लादी होऊन, दुसरी पूड होऊन.

सिमेंटच्या जमिनीला गवंडी 'कोबा' म्हणतात. खडी, वाळू, सिमेंट यांचा थर ओतायचा, धोपटायचा, वरून सिमेंटचे पाणी सोडून घोटायचा. चार-पाच दशके कोबा ही शाळा, दवाखाने, गोदामे आणि नोकरदारांची घरे यांचीच जमीन होती. खेड्यातील सामान्य घर मातीचेच राहिले. ते बदलले एका रात्रीत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे गेली.

एवढी हानी होण्याचे कारण घरांत होते. दगडाच्या भिंती दोन फुटांहून जाड, पण त्यांना बांधणारा माल चिखलाचा. वर माळवद: लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस गळू लागला की त्यावर आणखी माती चढवायची. वर्षानुवर्षे हा थर फूट, दीड फूट, दोन फूट होत जाई. ही घरे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असत. त्या पहाटे भिंती उसवल्या, आणि त्यांच्यासह छपराची सारी माती झोपलेल्यांवर आली. अंथरुणे जमिनीवरच होती.

त्यानंतर या भागात दगड आणि माती यांविषयी जी धास्ती बसली, ती कोणत्याही अहवालापेक्षा बलवान ठरली. जुन्याच दगडांनी, पण योग्य जोडणीने सुरक्षित घरे बांधता येतात असे अभियंते सांगत होते. लोकांना ते दगड पुन्हा घरात नको होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे सिमेंटच्या ठोकळ्यांची, छपरे स्लॅबची, रस्ते काटकोनात. आणि खाली कोबा किंवा लादी.

ज्या स्त्रियांनी आयुष्यभर जमीन सारवली, त्यांच्या हातांना एकाएकी जमिनीचे काम उरले नाही. ही सुटका होती यात शंका नाही. पण स्लॅब उन्हाळ्यात तापतो, रात्रभर उष्णता खाली सोडतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे कोबा पाठीला बोचतो. मातीच्या जमिनीवर एक घोंगडी पुरे. कोब्यावर तिच्या दोन-तीन घड्या लागतात. नव्या गावांत अनेकांनी घराशेजारी पत्र्याची किंवा कुडाची खोली उभी केली आणि चूल तिकडे नेली. अंगण मात्र बहुतेक ठिकाणी मातीचेच राहिले.

आता प्रश्न असा: जमीन एकदाची पक्की झाली, दर आठवड्याला नवी करण्याची गरज संपली, मग वस्त्र कायमचे का बसवले गेले नाही? कोब्यावर गालिचा ठोकून टाकायला आता अडथळा कोणता?

याचे उत्तर पाश्चात्त्य देशांनी महागात पडून शिकले आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा बसवण्याची रीत मुळात लाकडी जमिनींची. लाकडात खिळे जातात आणि फळ्यांखाली हवा खेळते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. जॉर्जिया राज्यातील डाल्टन या गावाभोवती यंत्राने टाके घालून गालिचे करण्याचा उद्योग फोफावला आणि गालिचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. त्याच सुमारास उपनगरांतील स्वस्त घरे थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या थरावर उभी राहू लागली. गालिचा आणि काँक्रीट यांची गाठ पडली, आणि काँक्रीट वाटते तितके कोरडे नसते हे उघड झाले.

काँक्रीट दगडासारखे दिसते, पण आतून ते बारीक रंध्रांचे जाळे आहे. कालवताना घातलेल्या पाण्याचा काही भाग सिमेंटशी संयोग पावतो. उरलेला त्या रंध्रांतून हळूहळू बाहेर पडत राहतो. अठ्ठावीस दिवसांत काँक्रीटला ताकद येते, कोरडेपणा नव्हे. एक इंच जाडी वाळायला साधारण एक महिना, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. शिवाय खाली पाणीरोधक थर नसेल, तर जमिनीतील ओलही केशाकर्षणाने वर चढते. ती येताना सिमेंटमधील क्षार घेऊन येते. हे क्षार इतके तीव्र असतात की ते गालिच्याखालचा डिंक मऊ करतात आणि त्याची पाठ कुजवतात.

म्हणून गालिचा बसवणारा जाणता कारागीर आधी कोबा तपासतो. सुमारे दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा घेऊन त्याच्या कडा चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवायच्या आणि निदान सोळा तास तसाच ठेवायचा. खाली दव साचले किंवा कोबा काळपट पडला, तर गालिचा घालायचा नाही. कोरडा निघाला तर भेगा बुजवायच्या, उंचवटे घासायचे, धूळ पूर्ण काढायची. मग भिंतीलगत काटेरी लाकडी पट्ट्या ठोकायच्या, मध्ये मऊ अस्तर घालायचे, आणि गालिचा ताणून काट्यांत अडकवायचा; नाहीतर सरळ डिंकाने चिकटवायचा.

प्लास्टिकखालचे ते दव मराठवाड्यातील मातीच्या जमिनीने कधीच लपवले नव्हते. सारवणातून रोज वर येणारी ओल तीच. फरक इतकाच की तेव्हा सतरंजी उचलली जाई आणि ओल निघून जाई. कोब्यावर चिकटवलेला गालिचा तिची वाट अडवतो. चार महिने पावसाळी दमटपणा, खाली मुरूम, भोवती पाणी धरून ठेवणारी काळी माती, आणि जुन्या बांधकामांत पाणीरोधक थराचा पत्ता नाही. अशा ठिकाणी श्रावणाच्या अखेरीस कुबट वास येऊ लागतो, कडा उचलतात, खाली बुरशीची पांढरी नक्षी उमटते. वाळवी आली तर काट्यांच्या लाकडी पट्ट्यांपासून सुरुवात करते.

स्वच्छतेचा हिशेबही वेगळा आहे. सतरंजीला काठी आणि ऊन पुरते. चिकटवलेल्या गालिच्याला यंत्र लागते, नाहीतर पाणी. आणि लातूर हे असे शहर आहे जिथे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर.

त्यामुळे पक्की जमीन आली तरी या भागाने क्रियापदे सोडली नाहीत. वातानुकूलित सभागृहे, काही दुकाने आणि हॉटेले वगळली, तर गालिचा येथे अजूनही अंथरला जातो, बसवला जात नाही. मंगल कार्यालयात कोब्यावर लाल किंवा हिरव्या कृत्रिम धाग्याचा गुंडाळा उलगडतो, कडांना चिकटपट्टी लागते, आणि रात्री वऱ्हाड हलले की तोच गुंडाळा ट्रकमध्ये चढतो. मशिदींत रांगा आखलेल्या लांब चटया पसरलेल्या असतात. एकाच विणीत ओळीने अनेक कमानी असलेले, प्रत्येक नमाजीला एक घर देणारे गालिचे दख्खनेत पूर्वीपासून विणले जात. 'सफ' हे त्यांचे नाव. वरंगळच्या सतरंज्यांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरची चादर पांघरायची की अंथरायची, हे घरातली गर्दी ठरवते.

पण एका ठिकाणी गालिचा काँक्रीटवर कायमचा बसला आहे, आणि तो कोणालाच दिसत नाही.

घराचे माप सांगताना 'कार्पेट एरिया' म्हणतात. भिंती सोडून, जेवढ्या जागेवर गालिचा अंथरता येईल तेवढी जागा, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीने त्याचे भाषांतर करताना मोठे नेमके भान दाखवले: 'चटई क्षेत्र'. गालिचा काढला आणि चटई घातली. बांधकामाची मर्यादा ठरवणारा आकडाही 'चटई क्षेत्र निर्देशांक' झाला, आणि मंत्रालयातील मोठमोठी भांडणे या काल्पनिक चटईच्या लांबी-रुंदीवरून होऊ लागली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घराची विक्री याच क्षेत्राच्या हिशेबाने करणे बंधनकारक केले.

किल्लारीनंतरची घरेही अशीच मोजून दिली गेली. कोणाला केवढे घर, हे कुटुंबात माणसे किती यावर ठरले नाही. ते ठरले शेत किती यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. मधल्यांना मधले. भूमिहीनांत कोणत्या जातींची घरे अधिक होती, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. अनेक नव्या गावांत एका मापाची घरे एका भागात, दुसऱ्या मापाची दुसऱ्या भागात उभी राहिली. सात-आठ माणसांचे कुटुंब २५० फुटांत कोब्यावर अंथरुणे घाली, तेव्हा शेवटचे अंथरूण दाराबाहेर, अंगणाच्या मातीवर पडे.